सी. रामचंद्र आणि पितळेचं हसू

लग्नसराईत संध्याकाळी काळेवाडी फाट्यावरून रहाटणीकडे निघालात, तर एखादी वरात आडवी येणारच. हल्ली डीजेच जास्त. पण अधूनमधून लाल कोट, सोनेरी झालर आणि चकाकणारी पितळी वाद्यं घेतलेला बँडही दिसतो. त्यांनी ‘भोली सूरत’ सुरू केलं की वरातीतले मामा-काका एकदम फॉर्मात येतात. हात कोपरात दुमडलेले, खांदे हलके उडवत, पाय जवळजवळ जागच्या जागी. भगवानदादा स्टेप! ही स्टेप कुणी क्लास लावून शिकत नाही. ती आपोआप येते.

हे गाणं १९५१ चं. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणीचं. त्याची चाल ज्यांची आणि त्यातला पुरुषाचा आवाजही ज्यांचा, ते नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. नाव रामचंद्र नरहर चितळकर. जग त्यांना सी. रामचंद्र म्हणतं. आणि याच माणसानं पुढे बारा वर्षांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ला चाल लावली. दर प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या ग्राउंडवर उभं राहून आपण जे ऐकत मोठे झालो, ते गाणं.

दोन्ही गाणी एकाच डोक्यातून आली. दुसऱ्या गाण्यानं त्यांना मान मिळवून दिला. पहिल्यानं टाळ्या, शिट्ट्या आणि ‘उडत्या चालीवाले’ असा शिक्का. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये विनोदी आयटम बसवणाऱ्या प्रत्येकाला हा शिक्का ओळखीचा असेल. गंभीर नाटक केलं की बक्षीस, हसवलं की फक्त ‘मजा आली यार’. सी. रामचंद्रांचं आयुष्य बघितलं की कळतं, हसवणारं संगीत करायला किती तयारी लागते, किती माणसं लागतात आणि त्यातल्या किती जणांची नावं मागे राहून जातात.

पुणतांब्याचा हिरो

जन्म १२ जानेवारी १९१८. पुणतांबा हे गोदावरीकाठचं गाव, चांगदेवांच्या समाधीसाठी ओळखलं जाणारं. रामचंद्रांचं गाण्याचं शिक्षण पक्क्या शास्त्रीय वळणाचं. पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे ते शिकले. म्हणजे ज्यांना पुढे लोक पाश्चात्त्य ठेक्याचा माणूस म्हणणार होते, त्यांचा पाया ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीतला होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सिनेमात ते आले ते मात्र संगीतकार व्हायला नाही. हिरो व्हायला. १९३५ च्या ‘नागानंद’मध्ये त्यांनी मुख्य भूमिका केली. हिरो म्हणून गाडी पुढे गेली नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोटी-मोठी कामं. कॅमेऱ्यासमोर जागा मिळत नव्हती, पण हातात पेटी होती. तिथल्या संगीतकारांना ते हार्मोनियमची साथ करू लागले.

आज आपण याला इंटर्नशिप म्हणू. पगार जेमतेम, नाव कुठेच नाही, पण सगळं काम डोळ्यांसमोर घडतंय. चाल कशी बांधतात, वादक कुठे बसतात, कुठलं वाद्य माइकच्या जवळ आणि कुठलं लांब ठेवायचं, हे सगळं ते तिथे पेटीमागे बसून शिकले. शिवाय ते अभिनय करून आलेले. गाणं पडद्यावर कसं दिसेल, नट कुठे थबकेल, कुठे मान वळवेल याचा अंदाज त्यांना होता. त्यांच्या विनोदी गाण्यांमध्ये जो नाटकीपणा आहे, त्याची सुरुवात या फसलेल्या हिरोगिरीत आहे असं मला वाटतं.

भगवान नावाचा दोस्त

त्यांचा स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिला ब्रेक हिंदीत नव्हता, मराठीतही नव्हता. तो तमिळमध्ये मिळाला! ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ हे दोन सिनेमे. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, भगवान आभाजी पालव. म्हणजे आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः मजुरी केलेला, कमी बजेटचे मारामारीचे सिनेमे काढणारा. १९४२ मध्ये भगवानदादांच्याच ‘सुखी जीवन’नं रामचंद्रांकडे लोकांचं लक्ष गेलं.

‘सुखी जीवन’मध्ये त्यांचं नाव मात्र राम चितळकर असं होतं. हा नावांचा प्रकार भारी आहे. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र. गायक म्हणून नुसतं चितळकर. काही सिनेमांत राम चितळकर, काहींत अण्णासाहेब, एका ठिकाणी श्यामू. मराठी सिनेमात आर. एन. चितळकर. आपल्याकडे एखाद्याची तीन-चार इन्स्टा अकाउंट असतात ना, तसंच काहीसं. एका माणसाला अर्धा डझन नावं. गंमत वाटते. पण याच माणसाच्या गाण्यात जी माणसं वाजवत होती, त्यातल्या बहुतेकांचं नाव पडद्यावर एकदाही आलं नाही. तो भाग पुढे येतोच.

पितळ हसतं कसं?

आधी थोडं वाद्यांविषयी. रामचंद्रांना अमेरिकन जॅझचं, विशेषतः क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडचं आकर्षण होतं. त्या काळातल्या हिंदी गाण्यात बहुतेक वेळा पेटी, तबला, सारंगी, बासरी, व्हायोलिन असायची. रामचंद्रांनी त्यात सॅक्सोफोन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, गिटार, माउथऑर्गन आणि बोंगो आणले. हे कधी कधी सजावट म्हणून इतर संगीतकारही वापरत. रामचंद्रांनी त्यांना पात्रं केलं.

हे कसं होतं, ते लग्नाच्या बँडमधल्या एका वाद्यावरून सोपं समजतं. लांब दांडी पुढे-मागे सरकवत वाजवतात ते, ट्रॉम्बोन. ट्रम्पेटला तीन खटके असतात, ते दाबून स्वर बदलतो. ट्रॉम्बोनला खटके नसतात. त्याची नळी सरळ केली तर साधारण नऊ फूट भरेल, आणि तिचा एक भाग आत-बाहेर सरकतो. दांडीच्या सात जागा ठरलेल्या असतात, पण त्यांच्यावर खुणा नसतात. वादक कानानं आणि हाताच्या सवयीनं जागा पकडतो. त्यामुळे तो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतो.

घसरत जाणं आपल्याला नवीन नाही. शास्त्रीय संगीतात त्याला मींड म्हणतात, आणि ती ऐकताना आपण डोळे मिटतो. तीच घसरण पितळी वाद्यातून, चुकीच्या वाटणाऱ्या क्षणी, जरा जास्त मोठ्यानं आली की हसू फुटतं. कुणीतरी केळीच्या सालीवरून घसरल्यासारखं. जगभरात सर्कशीत, कार्टूनमध्ये, विनोदी नाटकात ट्रॉम्बोन म्हणूनच लागतो. युरोप-अमेरिकेत तर नुसते ट्रॉम्बोनवालेच एकत्र बसून छोटी नाटुकली केल्यासारखे विनोदी तुकडे वाजवतात. एक रागावतो, दुसरा समजूत घालतो, तिसरा मध्येच जांभई देतो. सगळं वाद्यातूनच. ट्रम्पेटवाल्यांकडेही युक्त्या असतात. जॅझमध्ये वाद्याच्या तोंडावर रबरी वाटी धरून, ती उघडझाप करून, वाद्याला बोलल्यासारखा आवाज काढतात. ही वाटी म्हणजे चक्क तुंबलेलं बेसिन मोकळं करायच्या पंपाचा पुढचा भाग!

पण यातली खरी गोष्ट म्हणजे टायमिंग. विनोद अर्धा सेकंद उशिरा आला तर मेला. त्या काळी ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. रेकॉर्डिंग एका दमात व्हायचं. गायक, कोरस, सगळे वादक एकत्र. आत्ताच्यासारखं चुकलेला तुकडा कापून जोडणं नाही. शेवटच्या ओळीत ट्रम्पेट चुकला, तर सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं. आणि दहाव्या टेकलासुद्धा तोच खोडकरपणा ताजा वाटला पाहिजे. स्टँड-अप करणाऱ्याला विचारा, तोच जोक दहाव्यांदा सांगताना काय होतं ते.

रविवार, रंगून आणि टेलिफोन

१९४७ मध्ये ‘शहनाई’ आला. सिनेमाचं नाव शहनाई, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं शिट्टी घालणारं, ‘आना मेरी जान संडे के संडे’. एक साहेबी थाटाचा प्रेमिक मुलीला रविवारी भेटायला बोलावतो, आणि ती त्याच्या सगळ्या ऐटीला देशी भाषेत वाटाण्याच्या अक्षता लावते. साहेबी थाट आणि देशी ठसका यांची ही जुगलबंदी सुरावटीतही आहे. साहेबाचा आवाज अर्थातच चितळकर यांचा.

दोन वर्षांनी ‘पतंगा’. त्यात ‘मेरे पिया गए रंगून’. नवरा रंगूनला, बायको डेहराडूनला, आणि दोघं टेलिफोनवर. शमशाद बेगम आणि चितळकर. पडद्यावर हे रंगमंचावरचा कार्यक्रम म्हणूनच घडतं. दोन पात्रं, एक टेलिफोन, तीन मिनिटं. नीट ऐकलं तर ते एक अख्खं प्रहसन आहे. फिरोदिया करंडकात असे संगीत-नाट्य मिसळलेले तुकडे आपण बघतो आणि काय प्रयोग केलाय म्हणतो. १९४९ मध्ये हा प्रयोग सिनेमाच्या गाण्यात झाला होता, आणि तो पानपट्टीवर वाजत होता.

१९५० ला ‘समाधी’. सिनेमा आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरचा, पण गाणं गाजलं ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे आवाज, पडद्यावर नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर. इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. ही चाल मूळची त्यांची नाही. एडमंडो रोस या बँडवाल्याच्या ‘चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको’ या लॅटिन गाण्यावरून ती घेतलेली आहे. त्यांच्यावर उचलेगिरीचा आरोप करणाऱ्यांच्या हातात हे गाणं आयतंच सापडतं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण उसनी चाल घेऊन ती दोन मुलींच्या थट्टामस्करीत बसवणं, तिला आपल्या बोलीचा नखरा देणं, हे काम झेरॉक्स मशीन करू शकत नाही. उसनं किती आणि स्वतःचं किती, याचा हिशेब गाण्यागणिक करायला हवा, अख्ख्या माणसाचा एकदम नाही.

गोव्याहून आलेले वादक

आता त्या नाव नसलेल्या माणसांकडे येऊ. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन वाजवणारे मुंबईत आले कुठून? मुख्यतः गोव्याहून. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरचं स्वरलेखन वाचायला शिकवत. त्यातली अनेक मुलं मोठी झाल्यावर पोटासाठी मुंबईला आली. रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचं, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं.

संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. पण वीस-तीस वादकांनी काय वाजवायचं? ते लिहून काढायचं काम अरेंजरचं, म्हणजे वाद्यवृंद रचनाकाराचं. कुणी कधी शिरायचं, कुणी गप्प बसायचं, गायकाच्या ओळीला ट्रम्पेटनं खोडकर उत्तर कुठे द्यायचं, हे त्याच्या कागदावर असायचं. हे अरेंजरही बहुतेक गोव्याचेच. जॉन गोम्स रामचंद्रांचे सहायक होते.

आणि होते चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देशमधलं हळदोणे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा. त्यांना लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तसाच ट्रम्पेट, तसाच रुमाल, तसंच स्टेजवरचं वागणं. रामचंद्रांच्या त्या काळातल्या गाण्यांमध्ये जो ट्रम्पेटचा झणझणीतपणा आहे, त्यात चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा आहे. ग्वाल्हेर गायकी शिकलेला पुणतांब्याचा माणूस आणि चर्चमध्ये नोटेशन शिकलेला हळदोण्याचा माणूस. दोघांची मातृभाषा वेगळी, स्वर लिहायची पद्धत वेगळी. एकाला राग कळतो, दुसऱ्याला हार्मनी. दोघांना मिळून जे येत होतं, ते एकेकट्याला आलं नसतं.

‘अलबेला’

१९५१ ला हे सगळं एका ठिकाणी जमलं. दिग्दर्शक आणि हिरो भगवानदादा, हिरोईन गीता बाली, संगीत सी. रामचंद्र. गोष्ट साधी. प्यारेलाल नावाचा गरीब घरातला कारकून, त्याला नट व्हायचं वेड, घरच्यांचा विरोध, मग घर सोडून रंगभूमीवर यश. त्यामुळे सिनेमातली कितीतरी गाणी पडदा उघडून स्टेजवरच होतात. ‘शोला जो भडके’ घ्या. बोंगोचा ठेका, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, आणि समोर हवाई बेटांवरच्या वेशात नाचणारे भगवानदादा आणि गीता बाली. ‘दीवाना परवाना’मध्ये तर चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड झालरीच्या बाह्यांचे कपडे घालून स्वतः पडद्यावर दिसतो. नेहमी रेकॉर्डिंग स्टुडिओच्या आत दडलेले वादक इथे एकदा उजेडात आले.

भगवानदादांचं नाचणं बघा. उंची बेताची, अंग स्थूल, हिरोसारखं काही नाही. त्यांना कठीण स्टेप्स जमत नव्हत्या, आणि रामचंद्रांचं संगीत त्यांना त्या करायला लावत नाही. वाद्यं इतकी खोडकर आहेत की भगवानदादांनी नुसती भुवई उडवली तरी काम होतं. म्हणून तर ती स्टेप आज कुणालाही करता येते. आणि याच सिनेमात ‘धीरे से आजा री अँखियन में’ ही अंगाईही आहे. ती लागली की तोच श्रोता एकदम शांत होतो.

‘अलबेला’ प्रचंड चालला. पुढे भगवानदादांचं काय झालं, ते २०१६ च्या मंगेश देसाईंच्या ‘एक अलबेला’ या मराठी सिनेमामुळे आपल्या पिढीलाही माहीत आहे. पैसा आला तसा गेला, आणि शेवटची वर्षं दादरच्या चाळीत. रामचंद्रांनीही स्वतःची निर्मितीसंस्था काढून ‘झांझर’, ‘लहरें’, ‘दुनिया गोल है’ असे सिनेमे काढले. निर्माता म्हणून मात्र ‘अलबेला’सारखं यश त्यांच्या वाट्याला आलं नाही.

रेडिओवर नको

बरोबर याच काळात दिल्लीत एक बदल झाला. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर प्रेमी. सिनेसंगीत त्यांना उथळ आणि पाश्चात्त्यांची नक्कल वाटायचं. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली. तोपर्यंत हार्मोनियमवर रेडिओची बंदी होतीच, १९४० पासून. म्हणजे रामचंद्रांनी ज्या पेटीवर उमेदवारी केली ती नको, आणि ज्या गाण्यांनी नाव कमावलं तीही नकोत.

लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या शेवटी अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि सिनेमाची गाणी शेजारच्या देशातून आपल्या घरात येऊ लागली. शेवटी १९५७ मध्ये सरकारनं विविध भारती सुरू केली.

केसकरांची बाजूही समजून घ्यायला हवी. नुकताच स्वतंत्र झालेला देश, संस्थानं गेल्यावर गवयांना आधार कोण देणार, हा खरा प्रश्न होता. आकाशवाणीनं अनेक मोठ्या कलाकारांना त्या काळात सांभाळलं. पण हसवणारं, नाचवणारं ते हलकं, ही वाटणी मात्र चुकली. कारण ती वाटणी रामचंद्रांच्या बाबतीत टिकतच नाही. १९५३ च्या ‘अनारकली’मधलं ‘ये ज़िंदगी उसी की है’ ऐका. भीमपलासीवर बांधलेलं, गंभीर, आर्त. संडेवाल्या माणसाचंच. १९५५ च्या ‘आज़ाद’मधलं ‘कितना हसीं है मौसम’ ऐका. चितळकरांचा आवाज इतका मऊ लागलाय की तलत महमूद गातायत असंच वाटतं.

आणि लगेच १९५७ चं ‘ईना मीना डिका’, किशोरकुमार आणि आशा भोसले यांच्या आवाजात, दोन वेगळी रूपं. याची गोष्ट अशी सांगतात की बाहेर खेळणारी मुलं ‘ईनी मीनी मायनी मो’ म्हणत होती, त्यावरून सगळी कल्पना सुचली, आणि जॉन गोम्स यांनी त्यात आपल्या कोकणीतल्या ‘नको मला’चे शब्द घुसवले. ते कोकणी शब्द आजही देशभर लोक अर्थ न कळता गातात. १९५९ च्या व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’मध्ये होळीच्या गाण्यात संध्या एकटीच बाई आणि पुरुष अशा दोन्ही भूमिका नाचते. तिथे पितळी वाद्यांचा थाट नाही, देशी ठेका आहे. पण नाटक तेच. रामचंद्रांचा विनोद फक्त परदेशी वाद्यांवर उभा नव्हता, हे इथे कळतं.

एक गंभीर गाणं

पन्नासच्या दशकाच्या शेवटी लता मंगेशकर आणि रामचंद्र यांचं एकत्र काम थांबलं होतं. मतभेद झाले होते. त्यांच्या सर्वोत्तम गाण्यांमधली बरीच गाणी लताबाईंनी गायलेली, त्यामुळे हा मोठा धक्का. कामही कमी होत गेलं.

मग १९६२ चं चीन युद्ध झालं. कवी प्रदीप यांनी शहिदांवर गाणं लिहिलं, रामचंद्रांनी चाल लावली, आणि २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पंतप्रधान नेहरूंसमोर लताबाईंनी ते गायलं. नेहरूंचे डोळे भरून आले, हे आपल्याला पाठ आहे. या गाण्यात वाद्यं मागे राहतात, वाट बघतात, शब्दाला जागा देतात. कधी गप्प बसायचं हे रामचंद्रांना माहीत होतं. विनोदी गाण्यांतही ते हेच करत होते. कुठे थांबायचं, किती थांबायचं आणि मग नेमकं काय सोडायचं. तीच कला, वेगळ्या कामाला लावलेली.

शेवटची वर्षं

साठच्या दशकात ते मराठीकडे वळले. ‘धनंजय’ आणि ‘घरकुल’ या सिनेमांना संगीत दिलं, त्यांत कामही केलं. तिशीच्या आधी अर्धवट राहिलेली नटाची हौस पन्नाशीत पुरी झाली म्हणा. ‘घरकुल’मधलं ‘पप्पा सांगा कुणाचे’ अजूनही बालवाड्यांच्या स्नेहसंमेलनात वाजतं. आणि त्याच सिनेमात सुरेश भटांचं ‘मलमली तारुण्य माझे’ आहे, आशाबाईंनी गायलेलं. बालवाडीतलं गाणं आणि ही गझल, एकाच सिनेमात, एकाच माणसाकडून. गदिमांच्या ‘गीतगोपाल’लाही त्यांनीच चाली दिल्या. १९७७ मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आलं.

५ जानेवारी १९८२ ला मुंबईत ते गेले. वयाची ६४ वर्षं पूर्ण व्हायला सात दिवस बाकी होते. चिक चॉकलेट त्यांच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये गेले होते.

आज स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ‘शोला जो भडके’ लावा. लता मंगेशकर, चितळकर, सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण ही नावं दिसतील. एकाच माणसाची दोन नावं दिसतील, पण ट्रम्पेटवाल्याचं एकही दिसणार नाही. गोव्याच्या या वादकांपैकी एकाचंच नाव सगळ्या देशाला पाठ आहे, अँथनी गोन्साल्विस. तेही १९७७ च्या सिनेमात त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गाण्यात घातलं म्हणून. आणि तेव्हाही लोकांना ते अमिताभच्या पात्राचंच नाव वाटलं.

हे आता बदलणं आपल्या हातात आहे, निदान आपल्यापुरतं. पुढच्या गॅदरिंगला, करंडकाला किंवा रीलला तुम्ही काही हसवणारं कराल, तेव्हा ते जीव लावून करा, कुणी हलकं म्हटलं तरी. त्यात तालमीचा एक तास जास्त घाला, कारण विनोदाला तो लागतोच. आणि शेवटी नावं वाचताना मागे उभा राहून कॅहॉन वाजवणाऱ्या पोराचंही नाव घ्या, पूर्ण, आडनावासकट.